पुस्तक नसलेलं काडतूस

आमच्या घरात दोन अर्धे डबे शेजारी शेजारी राहू शकत नसत. तुरीच्या डाळीची नवी पिशवी आली की आई जुनी डाळ आधी ताटात काढायची, नवी डब्यात भरायची आणि जुनी वरून ओतायची. तिखट, साखर, रवा, कपड्यांची पावडर, सगळ्याला हाच नियम. शॅम्पूची संपत आलेली बाटली नव्या बाटलीच्या तोंडावर उलटी उभी असायची आणि तिला धक्का लावणाऱ्याला बोलणी बसायची. बर्मिंगहॅमच्या त्या सेमी-डिटॅच्ड घराचं स्वयंपाकघर एवढंसं होतं आणि जागा अडवणारी अर्धी वस्तू आईच्या डोळ्यांत खुपायची. मीही तशीच झाले. आजही साउथहॅम्प्टनच्या माझ्या घरात अर्धे डबे दिसले की हात शिवशिवतात. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. तिथे हे हात मी आवरते. पुढे जे सांगणार आहे त्यात बंदूक आहे, पण सुरुवात बंदुकीपासून केली तर दोष बंदुकीला जाईल. म्हणून डब्यांपासून केली.

बाबा टूलरूममध्ये होते. मोटारीचे भाग ज्या साच्यांतून निघतात ते साचे करायचं काम. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शावरून दोन माणसं अर्धा दिवस वाद घालतील अशी ती जागा. कारखाना बंद झाला तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. पहिल्या सोमवारी ते नेहमीसारखे इस्त्रीचा शर्ट घालून साडेसहाला खाली आले, चहा प्यायले आणि टेबलाशी बसून राहिले. दुसऱ्या सोमवारीही तसंच. आई शहरात बँकेत होती. बस पकडायला निघताना ती मुद्दाम काहीतरी काम सांगून जायची, अहो, दुपारी कुकर लावाल का, अहो, गवत वाढलंय. ते कुकर लावायचे. मी सिक्स्थ फॉर्ममधून, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीतून, चारला घरी यायचे तेव्हा ते त्याच खुर्चीत असायचे, खिडकीकडे तोंड करून, आणि वरणाचा वास घरभर थंड होऊन बसलेला असायचा. ते चिडत नव्हते, पीत नव्हते, रडत नव्हते. नुसते बसायचे. आई मला जिन्यात गाठून हळूच विचारायची, आज काही बोलले का?

केन हा त्यांचा टूलरूममधला शेजारी, पासष्टीचा, बायको गेलेला. वसंत हे नाव त्याच्या जिभेला झेपत नसे म्हणून बाबा त्याचे विन्स. मला तो बॅब म्हणायचा, बर्मिंगहॅमची जुनी माणसं सगळ्याच पोरीबाळींना म्हणतात तसं. नेमबाजीच्या क्लबात बाबांना त्यानेच नेलं होतं आणि बाबांनी मला. श्रॉपशरमधल्या एका बंद दगडखाणीत क्लबची रेंज होती; पत्र्याची शेड, ओल्या चटया, समोर शंभर यार्डांवर कागद. चौदाव्या वर्षी मला बंदुकीचं माझं सर्टिफिकेट मिळालं. मराठी मंडळाच्या गणपतीत बाकीच्या मुली भरतनाट्यम करायच्या आणि आई माझ्याबद्दल सांगायची, ही ना, स्पोर्टमध्ये आहे. कुठला स्पोर्ट ते सांगायची नाही.

त्या हिवाळ्यात केनने बाबांना एक जुनी मार्टिनी बंदूक आणून दिली. दस्ता आणि मधला पोलादी ठोकळा तेवढा. नळी गंजून गेलेली होती ती त्याने काढून टाकली होती. ही एकेरी बंदूक. खालची लिव्हर ओढायची, आतला ठोकळा खाली सरकतो, एक काडतूस आत ढकलायचं, लिव्हर वर. झाडायचं. परत लिव्हर. दुसरी गोळी वाट बघत नसते. ह्याच शहरात शंभर वर्षांपूर्वी बनलेली ती वस्तू बाबांनी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून सुटी केली, आणि त्या दिवशी मी घरी आले तेव्हा ते खिडकीकडे पाहत नव्हते. आईने त्या आठवड्यात टेबलावरच्या तेलाच्या डागाबद्दल एक शब्द काढला नाही. त्यावरून काय ते समजा.

नवी नळी बसवायची म्हणजे ती कुठल्या काडतुसासाठी, हे आधी ठरवावं लागतं. ते ठरवण्यात आमचे दोन महिने गेले. टेबलावर तीन कागद होते. पहिल्यावर हॉर्नेट नावाचं काडतूस, जुनं, सौम्य, दुकानात खोक्याने मिळणारं. दुसऱ्यावर तेच काडतूस थोडं फुगवलेलं. कारखाना ते करत नसे, पण हाताने भरणारे पुष्कळ लोक करत, आणि एकमेकांना आकडे सांगत. तिसऱ्यावर बाबांचं स्वतःचं. हॉर्नेटचीच पुंगळी, म्हणजे पितळी कवच, पण मान आवळून सतरा नंबरच्या नळीला बसेल इतकी बारीक केलेली, आणि खांद्याचा कोन त्यांनी स्वतः काढलेला. ज्या काडतुसाला कारखाना नाही आणि दुकानात खोकं नाही, त्याला वाइल्डकॅट, रानमांजर, म्हणतात. दुसरा कागद म्हणजे माणसाळलेलं रानमांजर होतं. तिसरं जगात कोणीच पाळलेलं नव्हतं.

हाताने काडतूस भरणाऱ्यांची एक जाडजूड पोथी असते. ही पुंगळी, ही गोळी, ही दारू, इथून सुरू करा, इथे थांबा. शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. तिसऱ्या कागदाला ती ओळ नव्हती. केन रविवारी रेंजवरून परतताना आमच्याकडे जेवायला थांबायचा. त्याला थालीपीठ आणि लसणीची चटणी फार आवडायची, नाकातून पाणी येईपर्यंत खायचा. तिसऱ्या कागदावर तो बोट ठेवून म्हणाला,

"विन्स, हे बिघडलं तर बिघडलंय हे कशावरून कळणार? बरोबर असताना कसं असतं हेच कोणाला माहीत नाही."

बाबा म्हणाले की थोड्यापासून सुरू करू, एकेक पायरी चढू, प्रत्येक पुंगळी भिंगाखाली बघू. टूलरूममध्ये आपल्या साच्यांना कुठे पुस्तक होतं?

"टूलरूममध्ये तुझा साचा फुटला तर पत्रा वाया जायचा," केन म्हणाला. "इथे तुझा गाल दस्त्याला टेकलेला असतो."

मग बाबांनी मला विचारलं. बंदूक माझ्याही खांद्याला लागणार, तेव्हा मलाही मत होतं. दस्ता त्यांनी माझ्या मापाने कापायचा ठरवलं होतं, कारण माझे हात आखूड. मी तिसऱ्या कागदावर हात ठेवला. मला त्यातलं काही कळत होतं म्हणून नाही. आई जिन्यात म्हणाली होती की दोन आठवडे झाले, हे नीट जेवतायत. एवढ्यावर मी ठरवलं, आणि मला वाटतं बाबांनाही ते माहीत होतं.

सर्टिफिकेटवर काडतुसाचं नाव लागतं. त्यासाठी पोलिसांकडून एक ऑफिसर घरी आला, बूट काढू का विचारत. सहा फुटी माणूस मोज्यांवर आमच्या सोफ्यात बसून चिवडा खात होता आणि बाबा त्याला सांगत होते की ह्या वस्तूला अजून नाव नाही. फॉर्ममध्ये चौकट रिकामी ठेवता येत नाही, तो म्हणाला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, गजानन ठेवा, विघ्न येणार नाही. शेवटी 'सतरा वसंत' असं लिहिलं गेलं आणि ऑफिसरने वसंतचं स्पेलिंग दोनदा विचारलं. नळी बसल्यावर ती प्रूफला गेली. तिथे मुद्दाम जास्त दाबाचं काडतूस झाडून बंदूक टिकते का ते बघतात आणि मग शिक्का मारतात. शिक्का बसला. बाबांनी तो मला बोटाने चाचपायला लावला. त्या शिक्क्याने आम्हा सगळ्यांना नको इतका धीर दिला.

उन्हाळाभर वरच्या बॉक्सरूममधून, अडगळीच्या खोलीतून, एक आवाज यायचा. पुंगळ्या घडवायच्या प्रेसची दांडी खाली, कुरर्, मग टक्. पुंगळीची मान एका दमात आवळली तर सुरकुतते, म्हणून तीन साच्यांतून, तिन्ही बाबांनी स्वतः घडवलेले. कुरर्, टक्. खाली कुकरची शिट्टी, वर टक्. मग बराच वेळ काहीच नाही, म्हणजे ते तराजूवर दारू मोजत असायचे. पुण्याला फोन करताना आई म्हणायची, हे वर दारू मोजतायत, आणि पलीकडे शांतता पसरली की मग घाईघाईने खुलासा करायची. मी शेजारी उभी राहून पुंगळ्या पुसून द्यायचे. बोलायला मनाई होती. ती दारू म्हणजे राखाडी-काळ्या बारीक काड्या, राजगिऱ्यापेक्षा जरा मोठ्या, एका छोट्या पुंगळीत चमचाभरसुद्धा नाही.

सुरुवातीला त्यांनी एक दारू आणली होती ती जमली नाही. फार लवकर पेटते, ते म्हणाले. ह्या एवढ्याशा पुंगळीतून एवढीशी गोळी ढकलायला हळू पेटणारी हवी. मग दुसरी आणली, आणि ती बसली. पायरी पायरीने चढत ते एका मापाला आले आणि तिथे थांबले. शंभर यार्डांवर पाच गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील अशा पडल्या. केनने तो कागद दुर्बिणीतून पाहिला आणि बाबांना नुसतं "हं" म्हणाला. बाबांनी तो कागद आणून फ्रिजवर लावला, गणपतीच्या मॅग्नेटखाली. बसण्याची खुर्ची त्यांनी खिडकीपासून हलवली.

ऑक्टोबरात दिवाळीची साफसफाई निघाली. बाबा जॉब सेंटरला गेले होते आणि आईने वरचा मजला माझ्यावर सोपवला होता. चकलीच्या भाजणीचा खमंग वास जिन्यातून वर येत होता. बॉक्सरूममध्ये लाकडी पेटीत दारूचे दोन डबे होते, एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे, फक्त शेवटचे दोन आकडे वेगळे. एक अर्ध्याखाली, दुसऱ्यात ती न जमलेली, मूठ-दीड मूठ. धूळ पुसताना तो दुसरा हातातून निसटला आणि झाकणाला तडा गेला. बंद होईना. खालून आईने हाक मारली, झालं का गं, भाजणी मळलेली आहे, ये लवकर. मी त्या मूठ-दीड मूठ काड्या पहिल्या डब्यात ओतल्या, झाकण लावलं, रिकामा डबा कचऱ्यात टाकला आणि चकल्या पाडायला खाली गेले.

मला विचार पडला नाही. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. विचार पडला असता तर मी थांबले असते, तो पडलाच नाही. केमिस्ट्रीला ए-लेव्हलला बसणारी, उन्हाळाभर त्या तराजूशेजारी उभी राहिलेली मुलगी. डोक्याने नव्हे, हातांनी काम केलं. आज आमच्या फार्मसीत नव्या मुली येतात तेव्हा मी त्यांना सांगते की चुका निष्काळजी लोक करतात असं समजू नका; नीटनेटके लोक जास्त वाईट चुका करतात, कारण त्यांच्या मागे काही पुरावा उरत नाही. बाबा पुन्हा काडतुसं भरायला बसले तोवर रिकामा डबा टिपवर, गावाच्या कचराडेपोत, पोचलासुद्धा होता.

नोव्हेंबरातल्या पहिल्या कोरड्या रविवारी आम्ही रेंजवर गेलो. दंव पडलं होतं, खाणीच्या कडा पांढऱ्या होत्या. बाबांनी नवी भरलेली दहा काडतुसं आणली होती, तेच माप, तीच गोळी. पहिलं झाडलं. नेहमीसारखं. दुसरं नेहमीसारखं. तिसऱ्याचा आवाज वेगळा आला, कोरडा, फळी मोडल्यासारखा, आणि लिव्हर उघडेना. बाबांनी तळहाताने ठोकून ती उघडली. पुंगळीच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी चपटी झाली होती आणि तिच्या कडेने काजळी पसरली होती. म्हणजे गॅस मागे आला होता, झाडणाऱ्याकडे. बाबांच्या डाव्या भुवईपाशी एक बारीक काळा ठिपका होता. त्यांनी तो पुसला.

केनने ती पुंगळी बराच वेळ फिरवून पाहिली. त्याचं म्हणणं एवढंच होतं की आज बास. बाबा म्हणाले, थंडी असेल. पुंगळीची मान जाड राहिली असेल. ह्या काडतुसाचा स्वभावच असा असेल, अजून आपल्याला पुरता कळलेला नाही. त्यांच्याकडे कारणांना तोटा नव्हता आणि एकही खोटं ठरवता येत नव्हतं. हॉर्नेट असतं तर कोणीही सांगितलं असतं की हे चुकीचं आहे, डब्यात बघ. इथे चूक आणि स्वभाव ह्यांत फरक करणारं जगात कोणी नव्हतं.

मी होते. त्या काजळीकडे बघताना मला ते तडा गेलेलं झाकण दिसलं, आणि चकल्यांचा वास आला, आणि मी शेडमागे जाऊन उभी राहिले. केनला वाटलं पोरगी घाबरली. त्याने त्याच्या थर्मासमधला चहा दिला.

तेव्हा बोलायचं होतं. गाडीत बोलायचं होतं. सोमवारी, मंगळवारी. रोज चारला घरी यायचे तेव्हा वर टक् आवाज येत असायचा. बाबांनी दारूचं माप थोडं कमी करून पुन्हा दहा काडतुसं भरायला घेतली होती. त्याच डब्यातून. मी ओतलेली ती लवकर पेटणारी दारू सगळी वरच्या थरात असणार, डबा कलताना कधी जास्त कधी कमी येत असणार, हे मला आता नीट कळत होतं. दहातली सहा ठीक निघतील, आठ ठीक निघतील. कुठली नाही ते कोणालाच सांगता येणार नाही. रात्री जेवताना आई म्हणाली की ह्यांना लीसेस्टरच्या एका वर्कशॉपमधून फोन आलाय, महिन्याभरात बोलावतील. बाबा भाकरी मोडत म्हणाले, रविवारी हे बसलं की तो कागद घेऊन जातो दाखवायला, साच्यांचं काम बोलतं. मी आमटी वाढून घेतली.

का बोलले नाही, हे मी पुढे स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आणि दरवेळी वेगळं सुंदर उत्तर मिळालं. त्यांचा धीर खचेल. आईला धक्का बसेल. लीसेस्टर जाईल. ही सगळी नंतरची. तेव्हा मला फक्त हवं होतं की कोणालाही कळू नये. कदाचित काही होणारही नाही. रोज वर टक् झालं की मी मोजायचे, आठ, नऊ. शनिवारी दुपारी तो आवाज थांबला आणि घरात फार शांत झालं.

रविवारी धुकं होतं, समोरचे कागद जेमतेम दिसत होते. बाबा चटईवर आडवे झाले. त्यांनी चष्म्यावरून दुसरा मोठा चष्मा लावला होता, केनने बळेच दिलेला. मी त्यांच्या डावीकडे चार पावलांवर उभी होते. पहिली गोळी. लिव्हर सहज खाली आली. मला वाटलं, बोल. दुसरी गोळी. मी डोळे मिटले होते. लिव्हर सहज खाली आली. बाबांनी पुंगळी केनला दिली, केनने बूड पाहिलं आणि मान हलवली, बरं दिसतंय. बाबा गुडघ्यांवर उठून बसले. त्यांचा चेहरा टूलरूममधल्या चेहऱ्यासारखा झाला होता. त्यांनी तिसरं काडतूस स्वतःच्या हाताने आत सरकवलं, लिव्हर वर केली आणि मला म्हणाले,

"ये. तुझ्या खांद्यासाठी केलीय. आता तू सांग कशी आहे ते."

मी चटईवर आडवी झाले. चटई ओली होती. दस्ता बरोबर माझ्या मापाचा होता, गाल जिथे टेकायला हवा तिथेच टेकला, आणि लाकूड त्यांच्या गालाने अजून गरम होतं. डोळ्यापासून वीतभरावर ते पोलाद होतं आणि त्याच्या आत ते काडतूस होतं.

"बाबा," मी म्हणाले, "दिवाळीच्या साफसफाईत मी दोन डबे एकत्र केले. दारूचे."

मग बाबांचा हात माझ्या डोक्यावरून आला, त्यांनी बंदूक माझ्या खांद्यापासून अलगद काढून घेतली, नळी खाणीकडेच ठेवून, आणि लिव्हर खाली केली. काडतूस बाहेर काढून त्यांनी वेगळ्या खिशात ठेवलं. केन दोन पावलं मागे सरकला आणि पाठ करून उभा राहिला. आम्ही मराठीत बोलत होतो, त्याला शब्द कळले नसतील, पण काय चाललंय ते कळलं असावं.

"मागच्या रविवारी तुला माहीत होतं?"

"तिसऱ्या गोळीनंतर."

"म्हणजे आठवडाभर."

"हो."

"आणि आत्ता माझ्या दोन झाल्या तेव्हा."

मी हो म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून ते उठले, चटई गुंडाळली आणि केनला इंग्रजीत सांगितलं की दारूत भेसळ झाली होती, चूक सापडली. कोणाची ते सांगितलं नाही. केनने विचारलंही नाही. तो जवळ येऊन माझ्या पाठीवर हात ठेवेल असं मला वाटलं होतं, पण त्याने तो ठेवला नाही. गाडीत बसताना नुसतं म्हणाला, "बेल्ट लाव, बॅब."

घरी आल्यावर बाबांनी डायनिंग टेबलावर पांढरा कागद पसरला आणि उरलेल्या आठही काडतुसांच्या गोळ्या ओढून काढल्या. प्रत्येकाची दारू वेगळ्या छोट्या ढिगात, भिंगाखाली. दोन जातींच्या काड्या सहज ओळखू येत होत्या, एक आखूड, एक लांब. चिमट्याने ते त्या वेगळ्या करत होते. मला त्यांनी बोलावलं नव्हतं आणि जा असंही म्हटलं नव्हतं. मी दारात उभी होते. माझ्यासाठी आत सरकवलेलं काडतूस त्यांनी आधी उघडलं. त्यात आखूड काड्या थोड्याच होत्या. मला काही झालं नसतं. पाचव्या ढिगात जवळजवळ सगळ्याच आखूड होत्या. तो ढीग त्यांनी बराच वेळ भिंगाखाली ठेवला. पाचवं कोणी झाडलं असतं ते सांगता येत नाही. आमची पाळी एकाआड एक असायची, आणि खोक्यातून कुठलं काडतूस आधी हाती येईल ह्याला क्रम नव्हता.

आईने बँकेच्या डब्यासाठी कोथिंबीर निवडता निवडता विचारलं, काय, बसलं का तुमचं सतरा वसंत? बाबा म्हणाले, नाही गं, जमत नाही ते, पुस्तक असलेलं काहीतरी घेऊ. तिला वाईट वाटलं. तिने त्या रात्री मुद्दाम पुरणपोळी केली. बाबांनी तीन खाल्ल्या आणि छान झाली म्हणाले. डब्यातली सगळी दारू त्यांनी मागच्या गवतावर पातळ पसरून टाकली; पाऊस पडला आणि ती गेली. पुढच्या वर्षी त्या बंदुकीला हॉर्नेटची नळी बसली आणि ऑफिसरने फॉर्मवर ते नाव न विचारता लिहिलं. लीसेस्टरची नोकरी मिळाली. त्यांनी मला कधी रागाने काही म्हटलं नाही, ना तेव्हा, ना नंतर. मी त्यांच्याबरोबर रेंजवर जात राहिले, युनिव्हर्सिटीला जाईपर्यंत. मला ते दुकानातली खोक्यातली काडतुसं घ्यायचे, न फोडलेली. स्वतःची हाताने भरायचे.

डबे एकत्र केल्याचं त्यांनी मला केव्हाच माफ केलं होतं, हे मला माहीत आहे. आईने तेच केलं असतं आणि त्यांनी हसून सोडलं असतं. पण त्यांचा गाल दस्त्याला असताना मी गप्प राहिले आणि माझा टेकल्यावर बोलले, ह्याचा हिशेब आम्हां दोघांनाही बरोबर कळला होता. त्या सोमवारी ते दारूच्या पेटीला एक छोटं कुलूप घेऊन आले. त्याला दोन किल्ल्या होत्या. एक त्यांनी आपल्या जुडग्यात घातली. दुसरी हातात घेऊन ते स्वयंपाकघरात आले, मी ताटं पुसत होते, आणि माझ्या समोरून जाऊन त्यांनी ती आईला दिली. बॉक्सरूममध्ये कधी पाऊलही न ठेवणाऱ्या आईला. तिने विचारलं, मला कशाला? बाबा म्हणाले, असू दे तुझ्याकडे.

मी ताट पुसून जागेवर ठेवलं आणि पुढचं घेतलं.